बेतताना

दोरी मीच दिली.
शिपाई विचारत होता, लांब आहे का कुणाकडे, मजबूत,
माझ्याकडे होती, निळी, कापडाचे गठ्ठे बांधायची.
केनेमात तेव्हा गठ्ठे येतच नव्हते.

आंब्याच्या खोडापासून पंपाच्या खांबापर्यंत
बाईन्दूच्या दारासमोर ती ताणली.
एकवीस दिवस, शिपाई म्हणाला.
मी शिवणखडूने माझ्या शटरवर
पहिली रेघ ओढली.

बाईन्दू लान्साना, तापाच्या वॉर्डातली नर्स.
हातमोजा फाटला, हे तिने स्वतःच कळवलं होतं.
तिचे दोन्ही गणवेश माझ्याच मशीनवरचे.
खांदा पंधरा, कंबर एकतीस, बाही जरा सैल,
"सलाईन टांगताना हात वर जायला हवा, ब्रिमा."

दोरीच्या आधीच आम्ही तिला वाळीत टाकलं होतं,
तेही सांगून टाकतो.
पंपावर ती आली की रांग दुभंगायची,
राणीसारखा पहिला नंबर,
आणि ती वळली की हँडल क्लोरीनने धुवायचं, दोनदा.
मोटरसायकलवाली पोरं
रिकाम्या सीटवर हात ठेवून म्हणायची, भरली आहे.
घरमालकिणीने भाड्याच्या नोटा साबणात बुचकळून
वाळत घातल्या, चिमटे लावून.
कुणी म्हणालं, नर्सांना मढ्यामागे पैसे मिळतात.
मी नाही म्हणालो तसं.
मी मान हलवली.

माझा भाऊ मामाच्या प्रेताला अंघोळ घालून आला होता.
नवव्या दिवशी त्याला अंघोळ घालायला
कुणी नव्हतं. मीही नव्हतो.
घरात सात महिन्यांची मुलगी.
जन्मभर कापड बेतत आलो,
जिवावर बेततं म्हणजे काय
ते तेव्हा कळलं.

रोज सकाळी ती खिडकीतून ओरडायची,
"छत्तीस पॉइंट सात!"
मासेवालीने भाव सांगावा तशी.
तो आकडा ऐकल्यावरच गल्लीत चुली पेटायच्या,
म्हणजे ऐकत सगळेच होते.
पाचव्या दिवसाचे तांदूळ नवव्या दिवशी आले.
तिने मीठ मागितलं.
मी चिंधीत पुरचुंडी बांधून भिरकावली,
ती दोरीच्या अलीकडेच पडली, हातभर.
ती बाहेर येईना, मी पुढे होईना.
कोंबडी मात्र दोरीखालून जा-ये करायची,
तिला कुणी ताप विचारला नाही.
सकाळी पुरचुंडी तिथे नव्हती.
मीही विचारलं नाही.

चौदाव्या दिवशी आकडा आला नाही.
चुली थंड. शिपायाने रेडिओ बंद केला.
सगळे दारांत उभे,
आणि एकही पाय उंबऱ्याबाहेर नाही.
ऊन डोक्यावर आल्यावर खिडकी उघडली,
"झोप लागली होती," ती म्हणाली, "किती दिवसांनी!
छत्तीस पॉइंट पाच."
त्या दिवसाची रेघ वाकडी आहे. अजून पुसली नाही.

बाविसाव्या दिवशी शिपाई दोरी गुंडाळून घेऊन आला.
म्हटलं, राहू दे तुझ्याकडेच.

दुपारी ती दुकानात आली, हातात गणवेश,
"उद्यापासून ड्युटी. कमरेत आत घे."
म्हटलं, नजरेनेच कळतंय, ठेवून जा.
"मापात पाप नको, ब्रिमा. फीत लाव."

मी फीत काढली.
एक टोक माझ्याकडे, दुसरं पुढे केलं,
आणि तिथेच हात आखडला.
तो मी आखडला नाही, आपोआप आखडला,
असं म्हणता येईल.
तिने ते टोक अलगद ओढून घेतलं,
स्वतःच कमरेभोवती फिरवलं,
खाली मान घालून वाचलं, "सत्तावीस."

चार इंच.
गणवेश अंगावर चढवून ती उभी राहिली.
आता टाचणी लावायची होती,
आणि टाचणी लावायला फीत चालत नाही,
बोटं लागतात.

दोन टाचण्या माझ्या ओठांत होत्या.
बाहेर पंपाचं हँडल थांबलं होतं,
रांग आमच्याकडे बघत होती.
ती हात वर करून उभी होती,
सलाईन टांगताना करते तसे,
आणि म्हणाली,
"दुखतायत रे हात."